नऊ दिवसांची गैरहजेरी

झ्रेन्यानिन, २१ जानेवारी

कुमा स्पोमेन्का,

काल तू आली नाहीस. संत योवान आमच्या घराण्याचा संत आहे हे तू विसरली असशील असं मी धरत नाही, कारण सोळा वर्षं त्याच्या सणाला तू न चुकता दुपारी एक वाजता, हातात फुलं घेऊन, आमच्या दारात उभी राहिलीस. या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि कुम असेल तर त्याने अंथरुणातून उठून यायचं असतं. तुझ्या डुन्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं, तिचं नाव पाद्र्याला मी सांगितलं. त्या दिवसापासून मी तुझा कुम आणि तू माझी कुमा, सख्ख्या भावाबहिणीहून जवळची. निदान आपल्याकडे असं मानतात. तू मानत नसशील तर तसं कळव.

ल्युबिंकाने वीस माणसांचा स्वयंपाक केला होता. आले सात, तेही शेजारचं जोडपं आणि पाद्री धरून. माझ्या विभागातून कुणीही आलं नाही. पूर्वी सगळा विभाग यायचा, कोबीच्या पानांतला सारमा तीन-तीनदा मागून घ्यायचा आणि माझ्या घरच्या दारूची, राकियाची, तारीफ करायचा. आता ही मंडळी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात. दिवसभर घरात बसून थकत असतील बिचारी. ल्युबिंका ताटं उचलता उचलता म्हणाली, "रादे, ते सारमा खायला यायचे असं वाटायचं का तुला? हजेरी लावायला यायचे." सणाच्या दिवशी बायकोच्या तोंडून हे ऐकायची वेळ तुझ्या प्रकरणामुळे आली.

आता मुद्द्याचं. न्यायालयाचा कागद मला मिळाला. चौदा मार्चला सकाळी साडेनऊला साक्षीदार म्हणून हजर राहायचं आहे. तू कंपनीवर दावा लावलास, लाव बापडी. पण त्यात मला का ओढलंस? तुझा वकील लिहितो की ऑक्टोबरातले ते नऊ दिवस तू विभागप्रमुखांच्या परवानगीने मेलेंत्सीला आईच्या घरी बसून काम केलंस, आणि विभागप्रमुख तसं सांगतील. सांगतील म्हणे. त्या गृहस्थाने मला जन्मात पाहिलेलं नाही, पण मी काय बोलणार ते त्याला आधीच पाठ आहे.

परवानगी कागदावर असते, कुमा. एकोणीस वर्षं तू माझ्या हाताखाली गारपिटीच्या नुकसानीची विम्याची प्रकरणं तपासलीस. ज्याच्याकडे कागद नाही त्याला आपण काय उत्तर पाठवतो, ते तूच टाइप करून माझ्या सहीला आणायचीस. तुझी खुर्ची नऊ दिवस रिकामी होती. कर्मचारी विभागाने विचारलं, मी जे डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. नोव्हेंबरात त्यांनी तुला काढलं. यात माझा हात कुठे आला?

नवव्या दिवशी तुझी आई गेली, याचं मलाही दुःख आहे. येल्काबाई भली बाई होती. तिच्या कबरीवर मी फुलांचं चक्र पाठवलं, तर तू ते उचलून स्मशानाच्या भिंतीबाहेर ठेवलंस. सगळ्या मेलेंत्सीने पाहिलं. एवढ्या कोत्या मनाचं माणूस मी इतकी वर्षं विभागात बाळगलं कसं, याचंच मला नवल वाटतं.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, आणि कंपनीतले मेल हल्ली आणखी चार जण वाचतात. म्हणून टपालाने लिहितो. उत्तराची घाई नाही.

रादिवोय


झ्रेन्यानिन, १० फेब्रुवारी

कुमा,

उत्तर आलं नाही. टपालवाली म्हणते पत्र तू स्वतःच्या हाताने घेतलंस. ठीक.

तुला हसायला एक विषय देतो. मला शाळेत घातलं. चौसष्टाव्या वर्षी, सव्वीस वर्षं विभाग चालवल्यावर, मला आणि इतर आठ प्रमुखांना दोन दिवस एका खोलीत बसवून शिकवलं की डोळ्यांसमोर नसलेल्या माणसांकडून काम कसं करून घ्यावं. आपला नवा संचालक ओग्न्येन, ज्याचं वय माझ्या मुलाएवढं आणि बूट कॅनव्हासचे, तो मला म्हणाला, "रादिवोय, तुला हे आवडेल बघ." तुला. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की या कंपनीत आता अहोजाहो बंद. त्याच्या आजोबांनाही तो असाच हाक मारत असेल.

घरून काम करायचा नियम डिसेंबरात आला. म्हणजे तुला काढल्यावर महिन्याभराने. आता यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तेव्हा म्हणू नकोस.

हा नियम आल्यापासून माझा विभाग म्हणजे पडद्यावरच्या दहा चौकटी आहेत. एका चौकटीत मांजर, एकीत स्वयंपाकघराचा पडदा, एकीत कुणाची तरी सासू अंगावर झगा ओढत इकडून तिकडे जाते. कमरेच्या वर शर्ट आणि खाली काय असेल ते देव जाणे. मी हुकूम काढला की आठही तास कॅमेरा चालू ठेवायचा. तीन दिवसांत ओग्न्येनकडे तक्रार गेली आणि हुकूम रद्द झाला. मग मी ते हिरवे ठिपके बघत बसू लागलो, नावापुढचे, ज्यांच्यावरून कळतं की माणूस कॉम्प्युटरपाशी आहे. ते दिवसभर हिरवे असायचे. मी खूश. नंतर आपल्या मिलुतिननेच मला हसत हसत सांगितलं की त्याने माउस मुलाच्या खेळण्यातल्या आगगाडीला बांधला होता आणि ती गोल फिरत राहायची. म्हणजे आठवडाभर मी आगगाडीवर देखरेख केली.

शिकवायला नोवी सादहून तियाना नावाची मुलगी आली होती. पहिल्या दिवशी तिने लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. नऊ पोक्त माणसं, त्यांतल्या दोघांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, लोकरीत गुंतून उभी. म्हणे यातून विश्वास दिसतो. मला त्यातून एवढंच दिसलं की लोकर स्वस्त झाली आहे.

दुसऱ्या दिवशी तिने कागद वाटले. म्हणाली, "तुमच्या प्रत्येक माणसाने गेल्या आठवड्यात काय काम केलं ते लिहा. तो कधी आला, कधी गेला, ते नको. फक्त काम."

मी म्हटलं, "कधी आला हेच कामाचं पहिलं लक्षण आहे, पोरी."

"मग दुसरं लक्षण लिहा ना, काका," ती म्हणाली. बाकीचे हसले.

मी दहाही नावं एकाखाली एक लिहिली. दुशित्सा: रोज पाच मिनिटं उशीर, केस ओले. मिलुतिन: दिवसाला दोन कॉफ्या, जिन्यात सिगरेट. ते खोडलं, कारण तिने नको म्हटलं होतं. मग पेन हातात धरून बसलो. सव्वीस वर्षं मी या लोकांकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं आहे. कोण दाराकडे पाठ करून फोनवर बोलतं, कोण जेवणानंतर पेंगतं, कुणाच्या ड्रॉवरमध्ये काय आहे, सगळं मला माहीत. आणि काम म्हणून एकापुढेही एक ओळ लिहिता येईना. ती मुलगी मागून येऊन कागद बघून गेली. बोलली असती तर मी तिला चांगलंच सुनावलं असतं.

मग मी खाली तुझं नाव लिहिलं. तू आता यादीत नाहीस हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हात चालला. नऊ ऑक्टोबर, एचका गावच्या कौलांची चार प्रकरणं. दहाला तीन, त्यातलं एक माझ्याच चुकीमुळे परत आलेलं. अकराला गाड्यांच्या काचा. असं करत एकोणीस तारखेपर्यंत, तारीखवार, न अडखळता. तू रोज दुपारी तीनला पाठवायचीस आणि मी लगेच उघडायचो. समोर खुर्ची रिकामी, बघायला दुसरं काही नव्हतं. नऊ दिवसांत तेहेतीस. जागेवर बसून तुझी कधी वीसच्या वर गेली असतील असं वाटत नाही. अर्थात तेव्हा मी मोजत नव्हतो.

हो, पाठवायचीस. पण कुणी काही पाठवलं आणि आपण ते उघडलं, याला परवानगी म्हणत नाहीत. तुझ्या वकिलाला सांग.

कागद मी फाडून खिशात घातला. यातून भलता अर्थ काढू नकोस.

रादिवोय


झ्रेन्यानिन, २ मार्च

कुमा,

परवा कंपनीच्या वकिलाने साक्षीच्या तालमीला बोलावलं. बेलग्रेडचा आहे, बोटांना वास येतो साबणाचा. ओग्न्येन खिडकीपाशी उभा होता. वकील म्हणाला, "तुम्हाला फार काही बोलायचं नाही. परवानगी दिली का? दिली नाही. एवढंच. पुढचं मी बघतो. आणि समोरची बाई कुमा लागते म्हणे तुमची. तिने ती कुमपणाची भानगड काढली तर हसून सोडून द्या."

ओग्न्येन म्हणाला, "रादिवोय, तुझं शेवटचं वर्ष आहे. सन्मानाने जा."

मी मान हलवली. कुमपणाची भानगड म्हणाला तो, आणि मी मान हलवली. अशा माणसाच्या घरात बाप्तिस्मा कोण करतं कुणास ठाऊक, दुकानातून मागवत असतील.

खाली आलो तर मजला रिकामा. आपली पिरोश्का तेवढी स्वयंपाकघरात. कॉफी करायला आता तिला माणसंच नाहीत. सोमवार-मंगळवार गर्दी, बाकीचे दिवस ती पितळी भांडी घासत बसते. न मागता माझ्यासाठी कॉफी घेऊन आली आणि ट्रे ठेवल्यावरही हलेना.

"चौदाला कुठला कोट घालणार, साहेब?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. त्या दिवशी मी ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते. कॉफी निवून गेली, पण आत आले नाही."

"काय ऐकलंस?"

"मी पडले हंगेरियन. मला तुमची भाषा कुठे एवढी समजते?" चाळीस वर्षं ही बाई अस्सल सर्बियनमध्ये आम्हा सर्वांना शिव्या घालते आहे. मग म्हणाली, "आणि मला कुणी बोलावलंही नाहीये. बोलावलंय तुम्हाला."

तेव्हा ऐक. तुला माहीतच आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं एकदा कुठेतरी असू दे.

सहा ऑक्टोबर, शुक्रवार. तू आत आलीस, दार लावलंस आणि म्हणालीस, "कुम." मी म्हटलं, ऑफिसात साहेब म्हणायचं. ते मी तुला एकोणीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं आणि तू कधी चुकली नव्हतीस. तू म्हणालीस, डॉक्टर आठवडा-दोन आठवडे म्हणतात, मेलेंत्सीला दुसरं कुणी नाही, मी सगळं काम तिथून करते. मी म्हटलं, अर्ज भर. तू म्हणालीस, अर्जाला तीन आठवडे लागतात. मी म्हटलं, मग तीन आठवडे लागतात. तेव्हा तू खुर्चीवरून उठलीस, आवाज न चढवता म्हणालीस, "कुम, मी तुम्हाला देवाच्या आणि संत योवानाच्या नावाने विनवते."

यावर नाही म्हणता येत नाही. ज्याला या नावाने विनवलं तो वैरी असला तरी वाट सोडतो, मी तर कुम. मी म्हटलं, "बरं, जा. मी बघतो."

एवढंच म्हणालो. ते म्हटलं होतं. कागदावर नव्हतं, पण म्हटलं होतं.

आणि नंतर नाकारलं ते का, हेही ऐक. सप्टेंबरात मी संचालक मंडळाला पत्र लिहिलं होतं की बाकीचे विभाग ढिले पडले, माझ्याकडे एकही माणूस घरी बसत नाही. ते पत्र सगळ्या कंपनीत फिरवलं होतं, कौतुक करून. एकोणीस तारखेला दुपारी कर्मचारी विभागाची बाई माझ्या दारात आली आणि म्हणाली, "हिची खुर्ची नऊ दिवस रिकामी दिसते. तुम्ही तर म्हणता तुमच्याकडे कुणी घरी बसत नाही. कुमेला वेगळा नियम आहे का?" शेजारच्या टेबलांवर माना वर झाल्या. मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही." वाटलं, संध्याकाळी निस्तरू. संध्याकाळी कळलं की येल्काबाई गेली. मग निस्तरायला तोंड राहिलं नाही, आणि मग नोव्हेंबर आला.

काल हे ल्युबिंकाला सांगितलं. ती म्हणाली, "देवाच्या नावाने विनवल्यावर हो म्हणालास. आणि मग नाही म्हणालास?" मी म्हटलं, तुला कचेरीतलं कळायचं नाही. तिने माझं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचं घेऊन आतल्या खोलीत गेली. एकोणचाळीस वर्षांत आम्ही वेगळे जेवलो नव्हतो.

हे मी तुला लिहिलं आहे, न्यायालयाला नाही. हा कागद वकिलाला दाखवलास तर मी सांगेन की अक्षर माझं नाही.

रादिवोय


झ्रेन्यानिन, ११ मार्च

कुमा,

ठरलं. मी सांगणार की आठवत नाही. माणूस चौसष्टाचा झाला, पाच महिन्यांपूर्वीचं एक वाक्य नाही आठवलं तर कुणी बोट दाखवणार नाही. तुला खोटं पाडलं असं होत नाही आणि कंपनीलाही काही म्हणता येत नाही. दोन्हीकडचं सांभाळून मला एवढंच करता येतं. तूही याहून जास्त मागू नयेस.

हे मी ल्युबिंकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टाक की पोस्टात. तिलाही कळू दे आपला कुम किती विसराळू आहे ते."

म्हणून टाकतो.

रादिवोय


झ्रेन्यानिन, १५ मार्च

स्पोमेन्का,

सोमवारपासून मी घरून काम करणार आहे. न्यायालयाच्या पायऱ्यांवरच ओग्न्येनने सांगितलं: "रादिवोय, तू आता घरीच बस. पाचही दिवस." विभाग मिलुतिनला दिला, त्या आगगाडीवाल्याला. मला वर्षभर जुन्या प्रकरणांचे क्रमांक जुळवायचे आहेत, जे जुळले काय आणि न जुळले काय, कुणी बघणार नाही. मी आयुष्यभर ज्यांना सपाता घालून पगार घेणारे म्हणालो, त्यांच्यात माझी भरती झाली. ल्युबिंकाने स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करून दिलं आहे आणि विचारते, जेवणाची सुट्टी किती वाजता असते साहेबांची. म्हणजे पुन्हा एकत्र जेवतो आम्ही.

एवढं करून हे गाव थांबत नाही. आज बाजारात मासेवाल्याने हात पुढे करून माझा हात धरला. पाद्र्याने फोन केला. पिरोश्काने एक आख्खा केक पाठवला, खसखशीचा. सगळ्यांचं म्हणणं, रादिवोय शेवटी सरळ माणूस निघाला. पाच महिने खोटं बोललेला माणूस एका सकाळी खरं बोलला तर हे लोक केक भाजतात. इतक्या स्वस्तात कौतुक वाटणाऱ्या गावाबद्दल मला काय वाटतं, ते मी सप्टेंबरात तसलंच कौतुक खाल्लं नसतं तर मोकळेपणाने लिहिलं असतं.

मी काय बोललो ते तू ऐकलंस. पण तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून माझ्या बाजूने कसं झालं ते सांगतो. आत जाईपर्यंत "आठवत नाही" हेच ओठांवर होतं. न्यायाधीशबाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, मग नेहमीचा प्रश्न: वादीशी तुमचं काही नातं? मी म्हटलं, "कुम." बाईंनी टाइप करणारीला सांगितलं, "लिही, कुम." तिने लिहिलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या गावाकडच्या असाव्यात. त्यानंतर विचारलं, परवानगी दिली होती का, आणि मी म्हटलं, "दिली होती. तोंडी. सहा ऑक्टोबरला. मग कर्मचारी विभागाला मी खोटं सांगितलं."

बेलग्रेडवाला उठून काहीबाही बोलू लागला. विचारलं, बाई तुम्हाला दिसत नव्हती, मग ती काम करत होती हे कशावरून? मी म्हटलं, तिचं काम रोज यायचं. जे दहा जण माझ्यासमोर बसायचे, त्यांनी त्या दिवसांत काय केलं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. टाइप करणारी हसली. मलाही जरा बरं वाटलं, हे कबूल करतो. वाटलं, छान बोललो. त्याच भरात मी पुढे म्हटलं, "शिवाय मी फोनही करायचो. दिवसातून चार-पाच वेळा."

तेव्हा तू हात वर केलास आणि बाईंनी तुला प्रश्न विचारायची परवानगी दिली.

तू मला साहेब म्हणालीस.

"साहेब, एकोणीस ऑक्टोबर, सकाळी दहा वीसला तुमचा फोन आला. किती वेळ चालला?"

"अकरा मिनिटं," मी म्हटलं. बिलावर लिहिलेलं होतं, तुझ्या वकिलाच्या हातात.

"काय म्हणालात?"

"जागेवर आहेस का, विचारलं. मग म्हटलं, समोर जे प्रकरण आहे ते वाचून दाखव."

"मी वाचलं?"

"वाचलंस."

"मध्ये थांबले, तेव्हा मी काय म्हणाले?"

"आई बोलावते आहे, म्हणालीस."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, आधी ते पूर्ण कर."

"माझं झालं," तू बाईंना म्हणालीस आणि खाली बसलीस. आत गेलीस तोवर येल्काबाई गेली होती, हे तू सांगितलं नाहीस. सांगायची गरज नव्हती. टाइप करणारी आता हसत नव्हती.

निकाल तुझ्या बाजूने लागणार असं सगळे म्हणतात. तुला परत घेतील, मागचं सगळं भरून देतील, आणि हवं तर मेलेंत्सीतून काम करशील, कुणी अडवणार नाही. आणि मग दोन-तीन वर्षांनी, मी जरा म्हातारा दिसायला लागलो की, तुझ्या मनात येईल की कुमाने शेवटी खरं तरी सांगितलं. डुन्या म्हणेल, जाऊ दे ना आई, त्यांच्या संताच्या दिवशी जाऊन येऊ. तू मनाने तशीच आहेस. कोती म्हणालो होतो, तेही खोटंच होतं. तुझ्या मनात ते येईल याची मला भीती वाटते. म्हणून न्यायालयात जे कुणी विचारलं नाही ते इथे लिहितो. हा कागद तू कुणालाही दाखव. अक्षर माझं आहे.

"आधी ते पूर्ण कर" म्हटल्यावर तू पुन्हा वाचायला लागलीस. तेव्हा मला बाहेर दुशित्सा दिसली, दाताच्या डॉक्टरकडून उशिरा आलेली, कोट काढत होती. मी फोन टेबलावर ठेवला. कापला नाही, नुसता ठेवला. दारात जाऊन तिला विचारलं की घड्याळ घरी विसरलीस का. ती काहीतरी म्हणाली, मी काहीतरी म्हणालो, मग मिलुतिनही जिन्यातून वर आला, त्यालाही दोन शब्द सुनावले. पिरोश्काने कॉफी दिली, ती तिथेच उभ्या उभ्या प्यायलो. परत येऊन फोन उचलला तेव्हा तू शेवटच्या पानावर होतीस आणि आवाज बसला होता. मी म्हटलं, "ठीक आहे, चालू दे."

तू अकरा मिनिटं वाचत होतीस, स्पोमेन्का, आणि त्यातली नऊ मिनिटं फोनपाशी कुणीच नव्हतं.

रादिवोय